प्लॅस्टिकच्या वस्तूंचे सांधे व त्यांस योग्य असा चिकटा

ज्या वस्तूचा जो चिकटा तोच तिला लावावयाचा, ही गोष्ट आपल्या कारागिरांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुतारानें लांकडाच्या जोडास सरस घ्यावा, जिनगरानें पुठ्ठ्यास खळ लावावी, विळ्याचें पातें मुठींत बसवितांना लाख वितळवून ओतावी, यांत कोणासहि संशय पडत नाहीं. मात्र प्लॅस्टिकची वस्तु फुटली कीं आपण हा विवेक सोडून देतों. नळ फुटो, टाकी तडको, फवारणीचा पंप गळो, दुकानांत मिळेल तो चिकटा आणावा व भोकावर फासावा, असा प्रघात पडला आहे. चार दिवसांनीं ती खपली पोपड्यासारखी सुटून आली म्हणजे 'माल भेसळीचा निघाला' म्हणून दुकानदारास बोल लावावयाचा. वस्तुतः पुष्कळ वेळां चिकटा चांगलाच असतो. तो भलत्या जातीच्या प्लॅस्टिकास लावलेला असतो, इतकेंच.

हा विषय कांहींस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु आज बागाइताचें बहुतेक पाणी प्लॅस्टिकांतून वाहतें. विहिरीवरून निघणारा मुख्य पाईप, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचा कागद, खत कालविण्याची टाकी, पाठीवरील फवारणीचा पंप, हीं सर्व प्लॅस्टिकचींच. चैत्र-वैशाखांत विजेची पाळी ठरलेल्या तासांचीच असते. त्या तासांत मुख्य पाइपाचा एक सांधा उडाला तर पाळीचें पाणी बांधावर जातें आणि फळें धरलेली बाग तशीच तहानलेली राहते. दोन रुपयांच्या गैरसमजानें हजारोंचें नुकसान होतें, तें असें. म्हणून कोणत्या प्लॅस्टिकास काय लावावें व कशास कांहींच लावूं नये, याचा थोडा विचार करूं.

१. प्लॅस्टिक ही एकच वस्तु नव्हे

जमिनीची प्रतवारी केल्यावांचून तिच्यावर आकार बसवीत नाहींत. त्याचप्रमाणें प्लॅस्टिकची जात ठरविल्यावांचून चिकटा निवडतां येत नाहीं. प्लॅस्टिक हें एका पदार्थाचें नांव नसून एका मोठ्या कुळाचें नांव आहे. पी. व्ही. सी. हा पदार्थ यूजेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८७२ सालीं प्रथम वर्णिला. पॉलीथीन हें इंग्लंडांत विनिंग्टन येथील प्रयोगशाळेंत १९३३ सालच्या मार्च महिन्यांत हातीं लागलें. हल्लींचें कठीण, दाट पॉलीथीन कार्ल झीग्लर यांच्या १९५३ सालच्या शोधांतून, व पॉलीप्रॉपिलीन ज्यूलिओ नात्ता यांच्या १९५४ सालच्या कामांतून पुढें आलें. या दोघांस १९६३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पदार्थांची घडण भिन्न, म्हणून त्यांचे स्वभाव भिन्न, आणि म्हणून त्यांचे चिकटेहि भिन्न.

जात ओळखण्याचा पहिला उपाय म्हणजे छाप वाचणें. पुष्कळ वस्तूंच्या बुडाशीं बाणांचा त्रिकोण व त्यांत एक आंकडा असतो. त्याचा अर्थ असा:

१ – पी. ई. टी. (पाण्याच्या बाटल्या).
२ – दाट पॉलीथीन, म्हणजे एच. डी. पी. ई. (औषधांचे डबे, पुष्कळसे फवारणीचे पंप, काळे पाईप).
३ – पी. व्ही. सी. (करड्या अथवा पांढऱ्या रंगाचे कठीण पाईप).
४ – विरळ पॉलीथीन (पिशव्या, हरितगृहाचा कागद).
५ – पॉलीप्रॉपिलीन (झांकणें, खुर्च्या, कांहीं जोडतुकडे).
६ – पॉलीस्टायरीन (थर्मोकोल त्यांतलेंच).
७ – इतर सर्व.

पाइपांवर त्रिकोण नसला तरी भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. पाण्याच्या कठीण पी. व्ही. सी. पाइपांस आय. एस. ४९८५, आणि पाणीपुरवठ्याच्या एच. डी. पी. ई. पाइपांस आय. एस. ४९८४ हीं मानकें आहेत.

छाप नसल्यास बादलीभर पाणी घ्यावें. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापून तो पाण्याखालीं बुडवावा व सोडावा. वर येऊन तरंगला तर तो पॉलीथीन किंवा पॉलीप्रॉपिलीन समजावा, कारण हीं दोन्ही पाण्याहून हलकीं आहेत. तळाशीं गेला तर तो पी. व्ही. सी., ए. बी. एस., ॲक्रिलिक, नायलॉन यांपैकीं कांहीं तरी असावा, पी. व्ही. सी. तर पाण्याच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें झटकन बुडतें. (थर्मोकोल तरंगतें, परंतु तें त्यांत भरलेल्या हवेमुळें, तें डोळ्यांनींच ओळखूं येतें.) कांहीं लोक तुकडा जाळून पाहतात. पॉलीथीन मेणबत्तीसारखें जळून थेंब थेंब गळतें, पी. व्ही. सी. ज्योत काढतांच विझतें व झोंबणारा धूर सोडतें, हें खरें. परंतु तो धूर आम्लयुक्त व अपायकारक आहे. बादलीनें काम होत असतां आगपेटी काढण्याचें प्रयोजन नाहीं.

२. चिकटणें म्हणजे काय

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोळा होऊन राहतो. केळीच्या सोपट्यावर तोच पसरतो. जें द्रव पृष्ठावर पसरत नाहीं तें त्याला धरूं शकत नाहीं, हा चिकटण्याचा पहिला नियम. द्रवास आपल्यावर पसरूं देण्याची प्रत्येक पृष्ठाची शक्ति मोजतां येते. शास्त्रज्ञांच्या मापानें ती कठीण पी. व्ही. सी. ची सुमारें ३९, तर पॉलीथीनची सुमारें ३१ व पॉलीप्रॉपिलीनची सुमारें ३० भरते. आंकड्यांतील अंतर लहान दिसलें तरी व्यवहारांत तें मोठें आहे. पॉलीथीन हें चिकट्यांच्या दृष्टीनें अळवाचें पान होय.

दुसरा नियम असा कीं, कांहीं प्लॅस्टिकें योग्य द्रावकानें मऊ होतात. अशा दोन पृष्ठांस द्रावक लावून तीं दाबून धरलीं असतां दोहोंच्या सांखळ्यांसारख्या लांब अणुरचना एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. हें चिकटविणें नसून एक प्रकारचें थंड वितळजोड काम आहे. पी. व्ही. सी., ए. बी. एस., ॲक्रिलिक व पॉलीस्टायरीन या वर्गांत येतात. पॉलीथीन व पॉलीप्रॉपिलीन यांची रचना घट्ट व निर्लेप असल्यामुळें साध्या उष्णमानांत कोणताहि द्रावक त्यांस विरघळवीत नाहीं. म्हणूनच विषारी औषधें व आम्लें त्यांच्या डब्यांत भरतात. जो गुण डब्यास उपयोगी तोच सांध्यास आडवा येतो.

३. पी. व्ही. सी. पाइपाची जोडणी

आपण ज्यास 'सोल्युशन' म्हणतों तें पी. व्ही. सी. चीच राळ टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झॅनोन, मिथिल इथिल कीटोन अशा द्रावकांत विरघळवून केलेलें असतें. त्याची जागा एपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा थेंब घेऊं शकत नाहीं. सांध्यावर भार किती येतो याचा हिशेब पाहिला म्हणजे याचें कारण समजेल. ११० मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचें तोंड सुमारें ९५ चौरस सेंटिमीटर भरतें. आंत चार किलोचा दाब असतां शेवटच्या टोपणावर ९५ गुणिलें ४, म्हणजे सुमारें ३८० किलोंचा रेटा येतो. ६३ मिलिमीटरच्या पाइपावरहि तो सुमारें १२५ किलो होतो. वरून फासलेली खपली हा रेटा कसा सोसणार?

जोडणीची रीत अशी:

(१) पाईप काटकोनांत कापावा. तिरपा कापलेला पाईप सॉकेटच्या तळाशीं सर्वत्र टेकत नाहीं.

(२) कापाची कुसळें चाकूनें काढावीं व बाहेरची कड कानशीनें किंचित् तिरकस करावी. नाहींपेक्षां आंत जातांना ती सोल्युशन खरवडून पुढें लोटते.

(३) कोरडा पाईप सॉकेटांत घालून पाहावा. तो थोडा घट्ट बसला पाहिजे. सैल खडखडणारा जोड सोल्युशन भरून घट्ट होईल ही आशा व्यर्थ आहे. किती खोल गेला त्याची खूण पाइपावर करावी.

(४) दोन्ही पृष्ठें कोरड्या फडक्यानें पुसावीं. चिखल, तेल, दंव यांपैकीं कांहींहि राहूं देऊं नये.

(५) सॉकेटच्या आंत पातळ व पाइपाच्या बाहेर भरपूर असा एकसारखा हात द्यावा. आंत जास्त ओतल्यास तें तळाशीं सांचून पाइपाची भिंतच मऊ करतें.

(६) लागलीच पाईप आंत ढकलून पाव फेरा द्यावा व खुणेपर्यंत नेऊन अर्धा मिनिटभर दाबून धरावा. न धरल्यास तो आपोआप मागें सरकतो. मोठ्या व्यासास दोन माणसें लागतात.

(७) बाहेर आलेलें सोल्युशन पुसून टाकावें, आणि मग त्या सांध्यास हात लावूं नये.

यानंतरची पायरी म्हणजे धीर. सांधा कांहीं मिनिटांत हातास घट्ट लागतो, परंतु आंतील द्रावक बाहेर पडण्यास वेळ लागतो. दाब देण्यापूर्वीं चोवीस तास जाऊं द्यावेत. थंडीच्या व पावसाच्या दिवसांत व मोठ्या पाइपास त्याहूनहि अधिक. पहाटे सांधा करावा व आठ वाजतां वीज आली म्हणून पंप सुरू करावा, यांतच बहुतेक सांधे उडतात. एक पाळी चुकली तर एका पाण्याचें नुकसान. सांधा उडाला तर पाळीहि जाते, सोल्युशनहि जातें, आणि मऊ झालेला सॉकेट वांकडा होऊन नवा घ्यावा लागतो. ज्यांस थांबणें शक्यच नाहीं त्यांनीं रबरी कडीचा व बोल्टांनीं आवळण्याचा एखादा जोड घरांत ठेवावा. तो तत्काळ पाणी धरतो.

डब्यांतील सोल्युशन मुरंब्यासारखें दाट झालें असेल तर टाकून द्यावें. त्यांत पेट्रोल किंवा रंगाचा थिनर घालून तें पातळ करूं नये. तसेंच गरम पाण्याच्या सी. पी. व्ही. सी. पाइपांस त्यांचें निराळें सोल्युशन मिळतें, तेंच वापरावें.

४. पॉलीथीन व पॉलीप्रॉपिलीन: येथें चिकटा शोधूं नये

ठिबकच्या नळ्या, तुषारसंचाचे काळे पाईप, शेततळ्याचा कागद, पाण्याच्या बहुतेक काळ्या टाक्या व फवारणीचे पंप या वर्गांतले. यांच्यावर एपॉक्सी, सिलिकोन, सायकलचें पंक्चरचें सोल्युशन, पी. व्ही. सी. चें सोल्युशन, यांपैकीं कांहींहि कायम टिकत नाहीं. यांस तीनच मार्ग आहेत.

पहिला मार्ग यांत्रिक जोडाचा. ठिबकची नळी फुटली तर फुटका भाग कापून जॉइनर घालावा. लहान भोंक असेल तर त्याचें बूच मिळतें. त्यावर चिकटपट्टी गुंडाळीत बसणें म्हणजे वेळ दवडणें होय.

दुसरा मार्ग उष्णतेचा. दाट पॉलीथीन सुमारें १३० अंशांवर व पॉलीप्रॉपिलीन सुमारें १६५ अंशांवर वितळतें. एच. डी. पी. ई. पाइपांचीं तोंडें दोनशें अंशांच्या वर तापविलेल्या सपाट तव्यावर टेकवून मऊ करतात व एकमेकांवर दाबून थंड होऊं देतात. असा सांधा पाइपाइतकाच मजबूत होतो. टाकीची किंवा पंपाची चीर बुजवितांना प्रथम चिरेच्या दोन्ही टोकांस बारीक भोंकें पाडावीं, म्हणजे ती पुढें धांवत नाहीं. मग चिरेची खोबण करून, गरम हवेच्या यंत्रानें त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी तींत वितळवून भरावी. 'त्याच जातीच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दिसावयास सारखें असलें तरी पॉलीप्रॉपिलीन पॉलीथीनशीं मिळत नाहीं.

शेततळ्याचा कागद फाटल्यास पाणी फाटक्या जागेच्या खालीं उतरवून, जागा धुऊन व वाळवून, त्याच कागदाचें ठिगळ चारी बाजूंनीं पुरेसें मोठें घेऊन गरम हवेनें व रुळानें दाबून बसवावें. कारागीर येईपर्यंत गळती थोपविण्यास ब्यूटिल रबराची चिकटपट्टी कामीं येते, कारण ती मऊ व सदा चिकट असल्यामुळें अळवासारख्या पृष्ठासहि धरून राहते. परंतु ती डागडुजी होय, दुरुस्ती नव्हे. हरितगृहाच्या कागदासहि उन्हास टिकणारी त्याच कामाची पट्टी घ्यावी. घरगुती पारदर्शक पट्टी उन्हानें पिवळी पडून गळून पडते.

तिसरा मार्ग खास चिकट्यांचा. दोन भागांचे कांहीं ॲक्रिलिक चिकटे मुद्दाम पॉलीथीन व पॉलीप्रॉपिलीन यांसाठीं केलेले असतात. तसेंच झटपट चिकट्यापूर्वीं लावावयाचें एक अस्तरद्रव्यहि मिळतें. वेष्टनावर या दोन प्लॅस्टिकांचीं नांवें स्पष्ट छापलेलीं असलीं तरच ते घ्यावेत. ते महाग असतात, व लहान, दाब नसलेल्या तुकड्यांसाठींच योग्य होत.

५. इतर जाती

ए. बी. एस. च्या वस्तूंस मिथिल इथिल कीटोन किंवा त्याचेंच सोल्युशन चालतें. ॲक्रिलिकच्या कांचेसारख्या तुकड्यांस डायक्लोरोमिथेनसारखा द्रावक सांध्यांत बारीक धारेनें सोडतात.

थर्मोकोलास मात्र द्रावकाचा स्पर्शहि होऊं देऊं नये. तें जागच्या जागीं विरघळून खड्डा पडतो. त्यास लांकडाचा पांढरा, पाण्यांत कालवलेला चिकटा लावावा. तो चिकटा तेथें चांगला, परंतु गुळगुळीत प्लॅस्टिकांवर व ओलाव्यांत निरुपयोगी.

'फायबर' ची टाकी म्हणजे कांचतंतू व पॉलिएस्टर राळ यांची घडण. ती वितळत नाहीं. तिला खरखरीत कागदानें घासून कांचतंतूची चटई व तीच राळ, किंवा एपॉक्सी लावावी. बॅकेलाइटचीं कडक काळीं बटणें व मुठी यांचाहि प्रकार हाच. एपॉक्सीचे दोन भाग वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावेत. कठीण करणारा भाग जास्त घातला म्हणजे सांधा अधिक कठीण होतो, हा समज खोटा आहे. तो कच्चाच राहतो.

मऊ पी. व्ही. सी. चा हिरवा पाईप, रेक्झीन वगैरेंत मृदुता आणणारें तेल मिसळलेलें असतें. तें कालांतरानें झिरपून कठीण चिकट्यांस सोडवितें. तेथें लवचिक व्हिनाइल किंवा पॉलीयुरेथेन चिकटा घ्यावा. आणि पाण्याच्या पाइपास तर कापून नळकांडें घालणें व पट्ट्यानें आवळणें हेंच बरें.

झटपट चिकटणारा थेंब, ज्यास सायनोॲक्रिलेट म्हणतात, तो हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतो. लहान, अंगास अंग भिडणाऱ्या तुकड्यांस तो उत्तम; परंतु तो फट भरीत नाहीं, धक्क्यानें तडकतो, व सतत पाण्यांत किंवा उन्हांत राहिल्यास ढिला पडतो. पंपाच्या टाकीस किंवा पाइपास त्याचा उपयोग नाहीं.

६. दोन भिन्न जातींचा सांधा

येथें नियम सोपा आहे. दोन्ही प्लॅस्टिकें एकाच द्रावकानें मऊ होत असतील तर तो द्रावक. दोन्ही घासल्यावर चिकटा धरीत असतील तर एपॉक्सी. आणि एक जरी पॉलीथीन किंवा पॉलीप्रॉपिलीन असेल तर चिकटा नाहीं, यांत्रिक जोड. यास अनुसरून:

पी. व्ही. सी. आणि ए. बी. एस. – दोहोंसाठीं केलेलें मिश्र सोल्युशन.
पी. व्ही. सी. आणि फायबर – दोन्ही घासून एपॉक्सी.
पी. व्ही. सी. आणि ठिबकची नळी – भोंक पाडून रबरी ग्रोमेट व टेकऑफ.
पी. व्ही. सी. आणि एच. डी. पी. ई. पाईप – आट्यांचा किंवा आवळण्याचा जोड.
पी. व्ही. सी. आणि लोखंड – आट्यांचा जोड व टेफ्लॉनची पट्टी.
पी. व्ही. सी. आणि सिमेंट – पाइपाच्या त्या भागास सोल्युशन लावून वर कोरडी वाळू भुरभुरावी. ती वाळल्यावर पाईप हौदाच्या भिंतींत बसवावा. गुळगुळीत पाइपाभोंवतीं सिमेंट सुटतें; वाळूच्या खरखरीत अंगास तें धरून राहतें.

७. जिवाची सावधगिरी

सोल्युशनाची वाफ चटकन पेट घेते. काम चालू असतां विडी, शेगडी किंवा ठिणगी जवळ नसावी. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें खोल जागीं सांचते. म्हणून सांधे शक्य तों विहिरीच्या कांठावर करून मग पाईप खालीं सोडावा. उतरलेल्या माणसास विहिरींत सोल्युशन लावूं देऊं नये. फवारणीचा पंप तापविण्यापूर्वीं तो पुनःपुन्हां धुवावा, कारण तापलेल्या औषधाची वाफ नाकांत जाणें धोक्याचें आहे. झटपट चिकटा सुती कपड्यावर सांडल्यास इतका तापतो कीं कातडी भाजते. फायबरच्या राळेचें पेरॉक्साइड व कोबाल्टचें द्रव्य हीं दोन एकमेकांत सरळ कधींहि मिसळूं नयेत, स्फोट होतो. आणि औषधाचा रिकामा डबा कितीहि उत्तम जोडतां आला तरी त्यांत पिण्याचें पाणी किंवा धान्य ठेवूं नये.

शेवटीं एक सूचना. उन्हाळी पाळ्या सुरू होण्यापूर्वीं, निवांत अशा एखाद्या दिवशीं, प्रत्येकानें आपल्या शेतांतील प्लॅस्टिकच्या वस्तूंची यादी करावी. पाईप, नळ्या, टाक्या, पंप, कागद, ज्याची जी जात ती त्यापुढें लिहावी, आणि तिचा सांधा कसा करावयाचा तेंहि लिहून ठेवावें. त्या यादीप्रमाणें दोन जॉइनर, एक आवळ जोड, ताज्या सोल्युशनचा एक लहान डबा व ब्यूटिलची एक पट्टी घरीं असली, म्हणजे ऐन पाळीच्या वेळीं तालुक्याच्या गांवीं धांवावें लागत नाहीं, आणि मिळेल तो चिकटा मिळेल तेथें फासण्याचा मोहहि होत नाहीं.